आंबील पीत समुद्राकडे

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा आधी चाखला, आणि तो गोड निघाला. माझं वय तेव्हा बारा होतं आणि अक्कल त्याहून बरीच कमी.

हे आठवायला कारण झाली माझी नात. ती आणि तिच्या मैत्रिणी कोकणात जाणार आहेत. समुद्राच्या काठाकाठानं, कड्यांवरून, मधल्या वाळूच्या चंद्रकोरींतून चालायला. चालून कुठं पोचायचं नाही, नुसतं चालायचं. आठ दिवस झाले, माझ्या पलंगावर त्यांचे नकाशे पसरलेत. भरती कधी, ओहोटी कधी, कुठल्या कड्यावर दुपारी सावली असते, सगळं ठरवणं चाललंय. मी मधेच म्हटलं, "काठाला भेग दिसली की आतल्या अंगानं चालावं." तर नात म्हणते, "आजी, तुझ्या परभणीला समुद्र कुठं होता?"

होता. पण तिला ऐकायला सवड नाही, म्हणून लिहून ठेवते.

आमचं गाव गंगेच्या काठचं, गंगाखेडच्या खालच्या अंगाला. गंगा म्हणजे गोदावरी. आमच्याकडे तिला दुसऱ्या नावानं हाक मारली तर ती वळूनसुद्धा बघायची नाही. राज्य निजामाचं. गावातल्या शाळेत भिंतीवर त्या राज्याचा मोठा नकाशा टांगलेला होता. आम्हा मुलींसाठी शाळा नव्हती, पण शाळेला खिडकी होती. खिडकीतून दिसायचं की गंगा निळ्या दोऱ्यासारखी वळत वळत जाते आणि हद्दीपाशी एकदम तुटते. पुढे कोरा कागद. नदी तुटते तिथं समुद्र असणार, हे मी खिडकीतच ठरवून टाकलं. आणि आमच्या गावापासून ते टोक माझ्या एका वितीएवढं होतं. म्हणजे सकाळी निघालं तर दिवे लागायच्या आत परत. अशी मी हुशार!

आता नदीचं थोडं सांगते, म्हणजे पुढची भानगड कळेल. आमचं रान नदीच्या वळणावर, उंच दरडीच्या माथ्यावर. पाणी तिथं जोरात येऊन आदळायचं. दर पावसाळ्यात दरडीचा एखादा घास तुटून गंगेत पडायचा आणि आमचे आबा काठावर उभे राहून त्या गढूळ पाण्याकडे बघत बसायचे, घरातलं माणूस परगावी निघाल्यासारखं. खाली दीड-दोन कोसांवर नदी उलट्या अंगाला वळते. तिथं तिचा जोर सरतो आणि वरून आणलेली माती ती काठाला सोडून देते. अशा गाळाच्या रानाला आमच्याकडे मळई म्हणतात. तिथली मळई माझ्या वहिनीच्या वडलांची होती. म्हणजे आमचं रान दरसाल कमी होई आणि व्याह्यांचं वाढे.

हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायचं नसतं. दादाच्या लग्नात, भर पंगतीत, व्याही बोलून गेले. हसत हसत, तूप वाढता वाढता म्हणाले, "पाव्हणे, आमी आंदण दिलं त्येचं काय एवढं? तुमचं रान तं दरसाल आपल्या पायानं चालत आमच्याकडं आंदण यायलंय!"

पंगत हसली. आबा पानावरून उठले. "ह्या माणसाच्या रानात मी पाय ठेवनार न्हाई आन् ह्येच्या घरचं पानी पिनार न्हाई," म्हणाले आणि नुसत्या वरणावर वरात घेऊन परत आले. तेव्हापासून दोन वर्षं झाली, वहिनी माहेरी गेली नव्हती. तिला न्यायला तिकडून मुराळी आला की आबा त्याला गूळपाणी देत, बैलांना वैरण देत आणि रिकाम्या गाडीनं परत पाठवत. दादा परभणीला उर्दू शिकत होता. त्याची आबांसमोर बोलायची छाती नव्हती, ना उर्दूत, ना मराठीत.

वहिनी माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. सावळी, उंच, बोलायला कमी. तिला बोलतं करायचं काम मी माझ्याकडे घेतलं होतं, म्हणजे मीच सारखी बोलायचे. धुणं धुवायला आम्ही दोघीच नदीला जायचो. एकदा मी विचारलं, "वैनी, तुमच्याकडं गंगा कशी हाय?"

ती पिळा पिळत होती, तशीच थांबली. म्हणाली, "लय रुंद हाय, वन्सं. पलीकडचं माणूस मुंगीएवढं दिसतंय. आन् वाळू तं इतकी, की चालता चालता पाय दुखत्यात पन वाळू सरत न्हाई."

झालं! पलीकडचं माणूस मुंगीएवढं दिसतं आणि वाळू सरत नाही, म्हणजे दुसरं काय असणार? वहिनीच्या माहेरी समुद्र होता आणि त्या भोळीला ते माहीतच नव्हतं. मी तिला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग पिळा बाजूला ठेवत हळूच म्हणाली, "माय आता कशी दिसत आसंल, देव जाने."

मी तिथल्या तिथं सौदा केला. काठाकाठानं चालत जायचं. आधी मला समुद्र, मग तिला माय. दिवेलागणीच्या आत घरी.

"वन्सं म्हनतील तसं," वहिनी म्हणाली.

मग माझी तयारी सुरू झाली. आजच्या पोरींनी काय केली असेल अशी! ओल्या वाळूवर बोटानं नदी काढायची, मुठीनं वाळू थापून दरडी करायच्या, शिंपल्यानं वाळूच्या चंद्रकोरी कोरायच्या. पहिली आमची दरड. तिच्या पुढे एक ओढा गंगेला मिळतो, तिथं खाली उतरून पहिलं वाळवंट. मग पुढची दरड. तिला मी 'म्हशीचं नाक' असं नाव दिलं, का ते विचारू नका, मला म्हैसच चांगली काढता यायची. तिच्या पल्याड थोरलं वाळवंट, म्हणजे समुद्र. रोज धुणं राहायचं बाजूला आणि मी काठीनं वहिनीला दाखवायचे: इथं चढायचं, इथं सावलीला बसायचं, इथं वाळूत हातानं झिरा खणून पाणी प्यायचं. वहिनी धुणं धूत धूत "हूं" म्हणायची. कधी कधी ओल्या हातानं माझा ओढा जरा डावीकडे सरकवायची. मला वाटायचं, पुसला गेला म्हणून नीट करते.

त्या काठानं मेंढरं घेऊन फिरणारी एक धनगराची म्हातारी होती. तिला मी इतकं विचारलं की शेवटी ती म्हणाली, "पोरी, माजं एक बी मेंढरू इतकं इचारत न्हाई गं! गवत दिसलं की चालतंय."

"पन दरडीवरून कसं जायचं, आज्जे?"

"काठाला भेग दिसली की आतून चालायचं. आन् शंका आली की मेंढी म्होरं घालायची. मेंढीला कळतंय."

माझ्याकडे मेंढी नव्हती. मी मनातल्या मनात वहिनीला पुढं घातलं.

दिवस कुठला, हा प्रश्न राहिला होता. घरातून दोघींनी दिवसभर नाहीसं व्हायचं म्हणजे काय सोपं होतं? तेव्हा वहिनी असंच बोलता बोलता म्हणाली, "येळवशीला तं समदं गाव रानातच असतंय, न्हाई का?"

मी मांडीवर थाप मारली. "वैनी, मला एक लय भारी युक्ती सुचलीय. येळवशीला जायचं!"

"वन्सं म्हनतील तसं," वहिनी म्हणाली.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. रानात कडब्याची कोप उभी करतात, म्हणजे पेंढ्या टेकवून केलेलं खोपट. आत पाच दगड मांडून, चुन्यानं रंगवून पांडव म्हणून पूजतात. मग भज्जी, म्हणजे रानात जे जे हिरवं उभं आहे ते सगळं एकत्र शिजवलेली भाजी, बाजरीचे वाफवलेले उंडे, आणि मडकंभर आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली, गार, आंबट. आणि त्या दिवसाचा एक नेम असा की जो कुणी वाटेनं जाईल, ओळखीचा असो की नसो, त्याला बोलावून जेवू घालायचं. वाटसरू उपाशी गेला तर रान रुसतं. त्यानंही नाही म्हणायचं नसतं. लोक या रानातून त्या रानात जेवत फिरतात. त्यामुळे आम्ही दोघी कुठं गेलो म्हणून कुणी विचारणार नव्हतं. असतील कुणाच्या तरी कोपीत. इथपर्यंत माझं डोकं बरोबर चाललं. नेमाच्या उरलेल्या अर्ध्या भागाचा मात्र मी विचारच केला नाही.

सणाच्या दिवशी आमच्या रानात पूजा झाली, जेवणं झाली. आबा कोपीच्या सावलीत आडवे झाले. माय शेजारणीशी बोलत बसली. मी वहिनीला डोळ्यानं खुणावलं. माझी तयारी बघण्यासारखी होती. पदरात दोन भाकरी बांधलेल्या. येळवशीला शिदोरी बांधून निघालेली मराठवाड्यातली मी पहिली आणि शेवटची. आणि दरडीवरून उतरायला दोर हवा, म्हणून बाभळीला बांधलेल्या वासराचं दावं सोडून कमरेला गुंडाळलं. वासरू माझ्याकडे बघत राहिलं. मी त्याला म्हटलं, "गप ऱ्हा." त्यानं मान डोलावली. मला वाटलं कबूल झालं.

वर निळंभोर आभाळ, अंगाला गार वारा. डाव्या हाताला उभी ज्वारी आणि उजव्या हाताला एकदम खाली गंगा, हिवाळ्यातली, तळ दिसणारी. दरडीच्या मातीचे थर एकावर एक रचलेल्या भाकरींसारखे दिसत होते, काळा, पिवळा, परत काळा. मी असं काठावरून कधी चाललेच नव्हते. रोज घागर घेऊन खाली उतरायचं, घागर घेऊन वर चढायचं. आडवं चालायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी पळायलाच लागले.

"वन्सं, भेग!" वहिनी ओरडली आणि माझी वेणी धरून तिनं मला आत ओढलं. काठाशी, माझ्या पावलापुढं, बोटभर रुंद भेग होती. त्यानंतर मेंढी आपली आपणच पुढं झाली.

पहिलं रान लागलं ते एका म्हाताऱ्या मावशीचं. तिनं लांबूनच हाळी दिली, "कोन गं त्या? कुठं चाललाव?"

"समुद्राला!" मी सांगून टाकलं. गुप्त बेत होता ना.

मावशीनं कपाळावर हात धरून नदीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. "मंग आदी जेवून जावा," म्हणाली. "तिकडं काय मिळतंय न मिळतंय."

बसलो. भज्जी खाल्ली, वाटीभर आंबील प्यालो. पुढच्या रानात मोठं खटलं होतं. चार सुना, आणि सगळ्यांना आग्रहाची चढाओढ. "तिच्या हातचा उंडा खाल्ला, माज्या हातचा न्हाई का?" म्हणून चौघींचे चार उंडे. तिसऱ्या रानात घोंगडी पांघरलेला एक आजोबा एकटाच बसला होता. आम्ही खाली वाकून ज्वारीतून निसटायला बघत होतो, तर त्याचा आवाज आला, "अरे, माजं रान रुसवून कोन जायलंय?" वहिनी मुकाट्यानं वळली. मी तिच्या मागं.

ओढ्यापाशी आलो तेव्हा माझ्या पोटाचं मडकं झालं होतं. चाललं की आतून आंबील डचमळल्याचा आवाज यायचा. पण इथं माझ्या दोराचं काम होतं. बोरीच्या बुंध्याला दावं बांधलं, दुसरं टोक धरलं आणि देवाचं नाव घेऊन खाली लोंबकळले. दावं होतं वासराचं. ते दोन हात खाली गेलं आणि संपलं. मी दरडीला पालीसारखी चिकटून राहिले. वरून वेडे राघू आपल्या बिळांतून बाहेर येऊन माझ्याकडे बघायला लागले.

"वैनी! आता काय करायचं?"

आवाज खालून आला. "वन्सं, पाय सोडा. पायाखाली जमीन हाय." वहिनी मेंढरांच्या वाटेनं चालत कधीच खाली पोचली होती आणि कमरेवर हात ठेवून उभी होती. मी पाय सोडले. टीचभर उंचीवरून पडले. वहिनी इतकी हसली, इतकी हसली, की वाळूतच बसली. दोन वर्षांत तिला असं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. मीही हसले, पण मला ढेकर आला आणि हसणं मधेच राहिलं.

पहिलं वाळवंट दरडीच्या कुशीत लपलेलं होतं. वरून कुणाला दिसणार नाही असं. वाळू ऊन लागून कोमट झालेली. शिंपले, रंगीत गारगोट्या, आणि पाण्याच्या कडेला पाखरांच्या पायांची नक्षी. आम्ही झिरा खणला, पण प्यायला कुणाच्या पोटात जागा होती? नुसते हात बुडवून बसलो. वहिनी म्हणाली, "उठा वन्सं, ऊन कलाया लागलंय." आता तीच घाई करत होती, आणि ओढा मी काढला होता तिथं नव्हता, तिनं बोटानं सरकवला होता तिथंच होता. माझ्या तेव्हाही काही लक्षात आलं नाही.

म्हशीचं नाक चढलो. माथ्यावर पोचलो आणि मी थांबलेच. खाली थोरलं वाळवंट. पांढरी वाळू, तिच्या पुढे पाणी, पाणी, पाणी. पलीकडच्या काठाला खरंच एक मुंगी चालत होती. तिच्यापुढे दोन बारक्या मुंग्या, बैल असावेत. वाऱ्यानं पाण्यावर लाटा उठत होत्या, अगदी बोटबोटभर, पण लाटाच.

"वैनी, समुद्र!"

मी धावत खाली गेले, गुडघाभर पाण्यात शिरले आणि ओंजळ तोंडाला लावली. समुद्र खारट असतो हे मी ऐकून होते. चाखलं. परत चाखलं. "वैनी, खारट न्हाई लागत गं!"

"आंबील पिऊन पिऊन तोंड आंबट झालंय, वन्सं," वहिनी म्हणाली. "उद्या चाखा."

तेवढ्यात मळईच्या अंगानं हाळी आली. कोपीपाशी एक बाई उभी होती. उन्हाकडे तोंड, त्यामुळे तिला आम्ही दोन काळ्या बाहुल्याच दिसत असणार. "कोन हाय त्या दोघी? या गं बायांनो, जेवाया या! उपाशी जाऊ नगा!"

वहिनी हलली नाही. तो आवाज तिनं पुरता आत जाऊ दिला. मग चालायला लागली, आधी सावकाश, सून चालते तशी; मग डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, आणि मग ती पळाली. वाळूत तिचे पाय रुतत होते तरी पळाली. त्या बाईनं हात खाली घेतला, दोन पावलं पुढं आली आणि मटकन खाली बसली. दोघी तशाच वाळूत एकमेकींना धरून डोलत राहिल्या. कितीतरी वेळानं मायनं लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरून पहिला प्रश्न विचारला, "जेवलीस का?"

चार रानांचं जेवलेली माझी वहिनी म्हणाली, "न्हाई."

आणि जेवली. मीही जेवले, काय करणार? व्याही, म्हणजे पंगतीत बोलून गेलेले तेच, वाढत होते. हसतमुख, गोल माणूस. पण त्या दिवशी एक शब्द थट्टेचा बोलत नव्हते. वाढता वाढता लेकीच्या पानावर भज्जीचा डोंगर झाला होता.

आणि मग दरडीच्या माथ्यावर आबा दिसले.

झालं होतं असं, की वासरानं कबूल केलेलं पाळलं नव्हतं. मोकळं होताच ते गाईला जाऊन लुचलं आणि संध्याकाळचं दूध पिऊन बसलं. दावं कुठंय म्हणून शोध झाला. दावं नाही, मी नाही, वहिनी नाही. कुणीतरी सांगितलं, दोघी खालच्या अंगाला गेल्यात. आबा काठी घेऊन निघाले ते तरातरा. पण त्यांनाही तीच वाट होती. मावशीनं थांबवलं, चार सुनांनी थांबवलं, घोंगडीवाल्या आजोबानं तर हात धरून बसवलं. आबा रागानं लाल झालेले, पण येळवशीला नाही कसं म्हणणार? प्रत्येक रानात त्यांनी राग बाजूला ठेवून जेवायचं, हात धुवायचे, आणि परत राग उचलून चालायला लागायचं. म्हशीच्या नाकावरून उतरताना एका हातात काठी आणि दुसरा पोटावर होता.

मळईच्या कडेला ते थांबले. एक पाऊल पुढं टाकलं नाही.

"सुनंला न्ह्यायला आलोय," आबा म्हणाले. "पाठवा इकडं."

व्याही हात जोडून पुढं झाले. "पाव्हणे, आज येळवस हाय. दोन घास खाऊन जा. रान रुसंल."

"मी वाटसरू न्हाई. माझा शब्द गेलेला हाय. तुमच्या रानात पाय ठेवनार न्हाई."

वहिनीच्या मायनं लेकीचं मनगट घट्ट धरलं. मलाही कळत होतं, आता वहिनी आल्या पावली परत गेली तर पुन्हा येणं नाही. आबा काठावरून चालायची वाटसुद्धा बंद करतील. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर ढेकर आला.

तेव्हा वहिनीनं पदर डोक्यावर ओढून घेतला. सासऱ्याशी सुनेनं थेट बोलायची तेव्हा रीत नव्हती. घरातसुद्धा आबांना काही सांगायचं तर ती भिंतीला सांगायची नाहीतर मला. ती माझ्याकडे तोंड करून, पण आबांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वन्सं, मामंजींना म्हनावं, ही माती आपल्या दरडीची हाय. गेल्या दोन पावसाळ्यांत गंगेनं हितं आणून टाकलीय. आपल्या मातीत पाय ठेवायला कुनाची मनाई?"

आबा चार हातांवर उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. पण रीत म्हणजे रीत. ते माझ्याकडे बघत राहिले. मी छाती पुढं काढून सांगितलं, "आबा, वैनी म्हनत्यात, ही माती आपली हाय!" आणि वर आपलं एक जोडलं, "आन् मी समुद्र बी बघितला!"

आबा खाली वाकले. कडेचं एक ढेकूळ उचललं, हातात चुरलं, नाकाशी नेलं. मग म्हणाले, माझ्याशीच, "सांग तुझ्या वैनीला. बरोबर हाय. बाभळीच्या बांधावरची हाय ही. तिच्यातच अशी पिवळी झाक असती."

आणि पाऊल टाकून मळईत आले. कोपीपाशी जाऊन मांडी घालून बसले. "मी माझ्या मातीत बसलोय," त्यांनी व्याह्यांना बजावलं. "तुमच्याकडं न्हाई."

"कबूल," व्याही म्हणाले.

"आन् पानी पिनार न्हाई."

"पानी कशाला? आंबील हाय की!" वहिनीची माय म्हणाली.

आबांनी मडक्याकडे बघितलं. पाचव्या रानाची आंबील. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं तो राग नव्हता, ती निव्वळ भीती होती. पण येळवस ती येळवस. वाटी तोंडाला लावली आणि एका दमात रिकामी केली. व्याह्यांनी लगेच परत भरली. आबांनी परत रिकामी केली. मग व्याह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं तरी थट्टेची खोड जाते थोडीच? म्हणाले, "पाव्हणे, पुढल्या पावसाळ्यात बाभळ बी येऊ द्या, सावली होईल."

वहिनीनं माझा हात दाबला. आबा वाटीत बघत होते. मग त्यांच्या मिशा हलल्या, पोट हललं, आणि ते हसले. चार रानांचं जेवण पोटात घेऊन माणूस हसतो तसं, कळवळत हसले.

वहिनी संक्रांतीपर्यंत तिथंच राहिली. आबांनीच सांगितलं, म्हणजे मला सांगितलं, मी तिला सांगितलं.

परत येताना मी आणि आबा दोघंच. ऊन तांबडं होत होतं आणि दरडी पेटल्यासारख्या दिसत होत्या. आबा चालता चालता काठीनं पाण्यात दाखवायचे: तिथं आपला आंबा होता, तिथं तुझ्या आज्यानं विहीर खणायला घेतली होती. मोकळ्या पाण्यावर आमचं जुनं रान त्यांना दिसत होतं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते हळहळ न करता दाखवत होते. बोरीला माझं दावं लोंबत होतं, ते त्यांनी सोडून घेतलं, त्याची लांबी बघितली, माझ्याकडे बघितलं.

"ह्येच्यानं उतरलीस?"

"व्हय."

"कुठवर?"

मी पुढं होऊन भरभर चालायला लागले.

खरा समुद्र मी पुढं बऱ्याच वर्षांनी, लेकाबरोबर, पाहिला. तोही आधी चाखला. खारट होता. नंतर वहिनीला सांगितलं, तर त्या म्हातारपणीही तिचं तेच: "वन्सं म्हनतील तसं." त्या बेताची आखणी नक्की कुणी केली होती, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती ज्वारी पाखडत होती, सुपाच्या आड तोंड लपवून हसत राहिली.

आबांनी मात्र शब्द कधी मोडला नाही. मरेपर्यंत ते व्याह्यांच्या रानात गेलो असं म्हणाले नाहीत. दरसाल येळवशीला आमच्या कोपीतलं जेवण झालं की काठी उचलायचे आणि मायला म्हणायचे, "जरा आपली माती बघून येतो." दिवेलागणीला परत यायचे, एक हात पोटावर, आणि मिशांना आंबील लागलेली.